पेरुंचालचे पंधरा कोंडाखाऊ

पेरुंचाल सिटीत कुणालाही विचारा, तो हातातली बिडी बाजूला ठेवून सांगेल की पेन्नम्मा चेडत्तीने, म्हणजे पेन्नम्माताईने, एका वेलदोड्यात बिशपची उचकी थांबवली. साधी उचकी नव्हे, तीन दिवसांची. कोट्टयमच्या बड्या डॉक्टरांनी हात टेकले होते, बिशपना धड एक वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. पेन्नम्मा पुढे झाली, कमरेच्या पुरचुंडीतून एक वेलदोडा काढला, त्यांच्या जिभेवर ठेवला, आणि उचकी जी गेली ती गेलीच.

खरी गोष्ट अशी की उचकी बिशपना लागलीच नव्हती. लागली होती त्यांच्या ड्रायव्हरला, तीही टॅपिओका आणि बीफवर आडवा हात मारल्यानंतर, फार तर अर्ध्या तासापूर्वी. पेन्नम्माने त्याच्या तोंडात एक नव्हे, तीन वेलदोडे कोंबले. नेमकी त्याच वेळी त्याने हँडब्रेक न लावता उभी केलेली गाडी चर्चच्या उतारावरून बिशपसकट मागे निघाली. ड्रायव्हर बोंबलत धावला, गाडी फणसाला अडली, आणि उचकी थांबली. श्रेय वेलदोड्याचं की फणसाचं, हा प्रश्न गावात कुणी काढला नाही. फणस विकून कुणाचं घर चालत नाही. आमच्याकडे घरं चालतात वेलचीवर.

पेरुंचालला सिटी म्हणतात म्हणजे तिठ्यावर चार दुकानं आहेत. त्यातलं एक बंद असतं. बाकी सगळा डोंगर वेलचीचा, आणि वेलची पिकवणारे कितीही असले तरी सुकवावी पेन्नम्मानेच, एवढं मात्र सगळ्यांना मान्य. पोथच्चन मुतलाळींच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, वेलची सुकवायच्या घराला, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं स्टोर म्हणतो त्याला, ती चाळीस वर्षं सांभाळते आहे. ओली वेलची जाळीवर पसरायची, खालून लाकडांची ऊब द्यायची. ऊब कमी पडली तर माल बुरसतो, जास्त झाली तर हिरवा रंग उडून दाणा पिवळा पडतो. मुतलाळींनी भिंतीवर काचेचा थर्मामीटर लावून दिलाय. पेन्नम्मा त्याच्यावर रुमाल वाळत घालते. ती जाळीवरून मूठभर वेलदोडे उचलते, कानाजवळ नेऊन खुळखुळवते आणि सांगते, अजून दोन तास. दोन तास म्हणजे दोन तास.

माणसांनाही ती तशीच खुळखुळवून बघत असे. पोट दुखतंय, वेलदोडा. ओकारी येतेय, वेलदोडा उकळून. झोप नाही, दुधात. नवऱ्याच्या तोंडाला वास येतो, त्याला दोन आणि बायकोला एक, धीर यावा म्हणून. सुरुवात दर वेळी एकच. "मी कोण सांगणार बाई, स्टोरमध्ये धूर खाणारी. पण..." त्या पणच्या पुढे जे यायचं त्याला मेडिकल कॉलेजात पाच वर्षं घालवली तरी उत्तर सापडलं नसतं. आणि खोटं कशाला बोला, तोंडाचा वास तर जायचाच. पोटातला गुबाराही बऱ्याचदा उतरायचा. जे उतरायचं नाही ते लोक विसरायचे.

एका गोष्टीवर मात्र तिचा वेलदोडा चालत नव्हता, आणि ती तिच्याच अंगात होती. बीपी. सरकारी दवाखान्यातल्या नर्सने मोजलं तेव्हा वरचा आकडा एकशे अडुसष्ट निघाला. नर्सने गोळ्या दिल्या. पेन्नम्माने त्या घरी नेऊन देवाच्या तसबिरीमागे ठेवल्या, म्हणजे त्यांची सोय देवाने बघावी, आणि स्वतः रोज सहा वेलदोडे चावायला लागली. हंगाम संपता संपता, जानेवारीच्या शेवटच्या मालाला, स्टोरमध्ये तिला भोवळ आली. ती खाली बसली ती लाकडांपाशीच बसून राहिली, आणि वरचा सगळा माल पिवळा पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पोथच्चन मुतलाळी वाईट माणूस नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत, हे ते स्वतःच दिवसातून वीस वेळा बोलतात. त्या दिवशीही ते पिवळ्या मालाकडे बघत म्हणाले, "मी काही बोलत नाही पेन्नम्मे. पण विजेचा ड्रायर घ्यावा असं माझा जावई म्हणतो. ड्रायरला भोवळ येत नाही." मग थोडं थांबून त्यांनी हेही सांगितलं की नवा माल जुलैत येईल, तोवर बीपी आटोक्यात आहे असा डॉक्टरचा कागद आण, नाहीतर तू घरी बस आणि ड्रायर स्टोरमध्ये बसेल. पेन्नम्माला घरी बसता येतं हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी कुवेतला नर्स. घरात ती आणि नऊ कोंबड्या. कोंबड्या खुळखुळवून काय कळणार?

मार्चमध्ये डॉक्टर श्रीरंजिनी आली. आयुर्वेद कॉलेजची, अंगाने काडी, हातात ही जाड फाईल. वाक्य पूर्ण करण्याआधी तिला दोन्ही बाजू सांगाव्या लागायच्या, त्यामुळे तिचं एक वाक्य संपेस्तोवर समोरच्याचा चहा गार व्हायचा. तिने चर्चच्या हॉलमध्ये लोक जमवले आणि सांगितलं की वेलची बीपीवर चालते असं आपले ग्रंथ नेमकं म्हणत नाहीत, पचनासाठी म्हणतात, उलटीसाठी म्हणतात, खोकल्यासाठी म्हणतात. आधुनिक अभ्यास आहेत, पण लहान. एकात वीस माणसांनी तीन महिने रोज तीन ग्रॅम पूड घेतली, त्यांचं बीपी उतरलं. पण वेलची न घेणारे लोक शेजारी ठेवलेच नव्हते, मग ते वेलचीने उतरलं की डॉक्टर दर आठवड्याला प्रेमाने मोजतो म्हणून उतरलं, हे कोण सांगणार? मळमळीवर नुसता वास देऊन बघितलाय, थोडा फायदा दिसतो, पण ठाम म्हणावं असा पुरावा नाही. तेव्हा आपण इथे नीट बघू या. तीस माणसं, बीपी थोडं वाढलेलं, गोळी अजून सुरू नसलेली. पंधरांना वेलचीच्या कॅप्सूल, पंधरांना तशाच दिसणाऱ्या तांदळाच्या कोंड्याच्या. कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळणार नाही, मलाही नाही, यादी कॉलेजात कुलपात. दर आठवड्याला बीपी मोजणार, आणि कुणाचं फार वाढलं तर अभ्यास थांबवून गोळी.

हॉलमध्ये शांतता पसरली. ती आदराची नव्हती. वेलचीच्या डोंगरात येऊन निम्म्या लोकांना कोंडा खाऊ घालणार, तेही तोंडावर सांगून, या धिटाईची ती शांतता होती.

पेन्नम्माने पहिलं नाव दिलं. तिला दुसरा रस्ताच नव्हता. इथे बीपी फुकट मोजलं जाणार होतं, वेलची खाऊन उतरणार होतं, आणि मग डॉक्टरच्याच सहीचा कागद मुतलाळींच्या नाकासमोर धरता येणार होता. आपल्या एकशे अडुसष्टला थोडंसं वाढलेलं म्हणतात की बरंच, याची तिने चौकशी केली नाही. डॉक्टरने तिला दोनदा विचारलं की तुम्हाला दवाखान्यातून गोळी दिलीय का. पेन्नम्माने सांगितलं, दिलीय की, पण मी खाल्ली नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. सवयीनं दोन्ही बाजू बघणाऱ्या डॉक्टरने तिला यादीत घेतलं, पण दर आठवड्याला सगळ्यांत आधी तिचंच मोजायचं असं फाईलवर लाल शाईने लिहिलं.

पहिल्या आठवड्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या. डॉक्टर हुशार होती, कोंड्याच्या बाटल्यांतही तिने वेलचीची टरफलं घालून ठेवली होती, झाकण उघडलं की सगळीकडून सारखाच घमघमाट. कोट्टयममध्ये यावर कुणीही फसलं असतं. पेन्नम्माने घरी येऊन झाकण उघडलं, वास घेतला, एक कॅप्सूल काढून दुसऱ्या हातावर घासली, पुन्हा वास घेतला, आणि कोंबड्यांना म्हणाली, "वास बाटलीचा आहे. गोळीला नाही."

मग तिने कॅप्सूल मधून उघडली. कोंडा. पिवळसर, जुना, त्यातही हलक्या तांदळाचा.

असला अपमान तिने आयुष्यात सोसला नव्हता. पण ती स्वतःपुरता विचार करून थांबणारी बाई नाही. ती शेजारच्या थंकम्माकडे गेली, तिची बाटली मागितली. थंकम्माच्या कॅप्सूलमध्ये वेलची निघाली. पेन्नम्माने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. तिचं म्हणणं असं पडलं की हा माल आमचे भाव पाडणाऱ्या ग्वाटेमालाचा आहे, जहाजात महिनाभर कुजलेला, आणि याने बीपी उतरण्याऐवजी चढेल. ग्वाटेमाला म्हटल्यावर थंकम्मा खुर्चीवरून उठलीच. आमच्या डोंगरात नवऱ्याने दुसरी बाई ठेवली तर दोन वर्षांनी समेट होतो, पण ग्वाटेमालाची वेलची घरात निघाली तर होत नाही.

त्या शनिवारी दुपारी, आणि पुढे दर शनिवारी, स्टोर उघडलं. उन्हाळ्यात स्टोरला काम नसतं आणि डोंगरातल्या बायकांच्या हातांनाही नसतं, त्यामुळे तीसच्या तीस बाटल्या आल्या. पेन्नम्माने स्वतः राखून ठेवलेला आठ मिलिमीटरचा, म्हणजे सगळ्यांत टपोरा, हिरवागार माल फोडला, दाणे कुटले, चाळले. आठ बायका जमिनीवर बसल्या. एकीने कॅप्सूल उघडायची, दुसरीने झटकायची, तिसरीने भरायची, चौथीने टोपण बसवायचं. हे हात वेलदोड्याची शेपटी अंगठ्याने उडवायला शिकलेले होते, कॅप्सूल म्हणजे त्यांना पोरखेळ. आठवड्याच्या बाराशे साठ कॅप्सूल चहाच्या आत संपल्या. कोंडा पेन्नम्माने कोंबड्यांना घातला. बारा आठवड्यांत कोंबड्यांची तब्येत छान सुधारली, पण ते फाईलमध्ये कुठेच नोंदवलं गेलं नाही.

सगळा डोंगर हे जाणत होता. पोस्टमन जाणत होता, फादर जाणत असावेत, कारण कबुलीजबाबाला आलेल्या निदान तिघींनी हे सांगितलं असणार. नव्हते जाणत फक्त दोघे. डॉक्टर श्रीरंजिनी, कारण तिला कळता कामा नये असं तिनेच सांगितलं होतं. आणि पोथच्चन मुतलाळी, कारण उन्हाळाभर ते जावयाबरोबर ड्रायर बघत कोइंबतूरला फिरत होते.

दर आठवड्याला डॉक्टर यायची, पट्टा बांधायची, फुस्स करून हवा सोडायची आणि लिहायची. लोकांचे आकडे थोडे थोडे उतरत होते. थंकम्माचा उतरला, टपरीवाल्या ओणाच्चनचा उतरला, त्याने तर कित्येक वर्षांनंतर मीठही कमी केलं, कारण दर आठवड्याला कुणी विचारणार असेल तर माणूस सुधारतोच. पेन्नम्माचा एकशे अडुसष्ट होता, मग एकशे सत्तर झाला, मग एकशे पासष्ट, मग पुन्हा अडुसष्ट. ती दिवसाला सहा कॅप्सूल खात होती, अस्सल आठ मिलिमीटर, स्वतः सुकवलेली, स्वतः कुटलेली. जगात त्याहून चांगली वेलची नव्हती. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ती हळूहळू गप्प होत गेली. दहाव्या आठवड्यात कुणाची तरी सून पोटदुखी घेऊन आली तर पेन्नम्माने तिला चक्क दवाखान्यात जायला सांगितलं. सून घाबरली, तिला वाटलं आपल्याला काही असाध्य झालंय.

जूनच्या शेवटी पुन्हा हॉल भरला. यादीचं कुलूप उघडलं होतं. पुढच्या खुर्चीवर मुतलाळी बसले होते, कोइंबतूरहून ड्रायरचं रंगीत पत्रक घेऊन, पंख्यासारखं हलवत. डॉक्टर उभी राहिली. आवाज पडलेला होता. तिने सांगितलं की दोन्ही गटांचं बीपी थोडं उतरलं, पण अगदी सारखंच उतरलं, दोघांत तसूभरही फरक नाही. म्हणजे काय, तर या अभ्यासापुरतं बोलायचं झालं, तर वेलची कोंड्याहून काही सरस ठरली नाही. प्रामाणिकपणे तेच लिहावं लागेल, तेच ती लिहिणार.

हॉलमधल्या तीस माणसांनी आपापल्या चपला बघायला सुरुवात केली.

मग डॉक्टर पेन्नम्माकडे वळली. तिला वाईट वाटत होतं, आणि तिने मनापासून तिला सोडवायला बघितलं. "चेडत्ती, तुमचं उतरलं नाही त्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही कोंड्याच्या गटात होतात. यादीत आहे."

यावर पोथच्चन मुतलाळींनी पत्रक हलवायचं थांबवलं. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "पण हे तर अन्यायाचं झालं. बाईला कोंडा खायला घातला आणि वर तिच्याकडून कागद मागायचा? पेन्नम्मे, तुला अजून तीन महिने दिले. खरी वेलची खा. ड्रायर तोवर थांबेल."

आता बघा, तिच्यासाठी ताट वाढलेलं होतं. नुसती मान हलवायची, की नोकरी तीन महिने पक्की, तेवढ्यात हंगामही अर्धा जाणार. वेलदोड्याची अब्रूही तिच्यापुरती शाबूत, कारण तिने तो खाल्लाच नव्हता, असं कागद म्हणत होता. हलवायची नसेल तर मुतलाळींसमोर सांगायचं की मी डॉक्टरला तीन महिने फसवलं, आणि वर हेही की जगातली सगळ्यांत चांगली वेलची रोज तीन ग्रॅम खाऊनही माझं बीपी जिथे होतं तिथेच आहे. पेन्नम्माचा हात कमरेच्या पुरचुंडीकडे गेला. तिने वेलदोडा काढून तोंडात टाकला नाही. नुसता मुठीत धरला.

ती उठली. "मोळे, पोरी, ते लिहू नकोस," ती म्हणाली. "कोंडा कुणीच खाल्ला नाही. माझ्या कोंबड्या सोडून."

पुढे तिने सगळं सांगितलं, शनिवारच्या दुपारी, आठ बायका, बाराशे साठ, ग्वाटेमाला. बायकांची नावं तिने घेतली नाहीत, पण आठही जणी अशा लाल झाल्या की गरजच नव्हती. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. फाईल मिटली, परत उघडली, आणि हळूच विचारलं, "म्हणजे चेडत्ती, तुम्हीसुद्धा वेलचीच घेतलीत? बारा आठवडे? रोज सहा?"

"रोज सहा."

"आणि उतरलं नाही."

"नाही उतरलं," पेन्नम्मा म्हणाली. "माझ्या वेलचीत खोट काढू नकोस. खोट माझ्यात आहे."

हे वाक्य पेरुंचालमध्ये आधी कुणीही कुठल्याही विषयावर उच्चारलेलं नव्हतं. मुतलाळीही खरोखरच काही बोलले नाहीत, आणि ते ऐकून आम्ही सगळेच हादरलो.

डॉक्टरचा तीन महिन्यांचा अभ्यास पाण्यात गेला. ती रडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली, मग थोडी रडली, मग आठ बायकांना तिने कॅप्सूल उघडून भरून दाखवायला लावलं आणि घड्याळ लावून वेळ लिहून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात हाच अभ्यास ती पुन्हा करणार आहे, जिथे वेलचीचं एक झाड नाही अशा जिल्ह्यात, समुद्रकाठी, जिथल्या लोकांना फक्त मासे ओळखता येतात. बाकी तिने पेन्नम्माला हाताला धरून तिथल्या तिथे दवाखान्यात नेलं आणि नर्ससमोर पहिली गोळी गिळायला लावली. पेन्नम्माने ती आधी कानाजवळ नेऊन खुळखुळवली. काही वाजलं नाही. तरीही गिळली.

ड्रायर आला नाही. मुतलाळी सांगतात, ही बाई स्वतःविरुद्ध खरं बोलली, ड्रायर बोलेल का? जावई सांगतो, त्याची किंमत बघून त्यांची छाती दडपली. दोन्ही खरं असेल. एवढं नक्की की त्यांनी महिनाभर वाट बघितली, आणि महिन्याने वरचा आकडा एकशे छत्तीस आला, आणि डॉक्टरच्या सहीचा कागद स्टोरच्या भिंतीवर थर्मामीटरशेजारी लागला. कागदावर मात्र ती रुमाल वाळत घालत नाही. पेन्नम्मा आता भेटेल त्याला गोळी घ्यायला सांगते. मी कोण सांगणार बाई, पण ती वेलदोड्याबरोबर घ्यावी, तोंडाला बरं, असंही सांगते. त्यावर अजून कुणी अभ्यास केलेला नाही.

आता राहिली माझी पैज. सभेच्या सकाळी जीपमध्ये, पेन्नम्माच्या मांडीला मांडी लावून बसून, मी छातीठोकपणे म्हटलं होतं की आज काही झालं तरी तुम्ही शनिवारच्या उद्योगाबद्दल तोंड उघडणार नाही. ती म्हणाली, लाव पैज. मी हरले तर हंगामाच्या पहिल्या तोडणीला दिवसभर उकिडवं बसून वेलची तोडायची, असं ठरलं. हरले. काल पावसात, जळवा झटकत, सकाळी सातपासून मी झुडपांच्या बुंध्याशी बसले होते, आणि माझ्यामागे उपड्या बादलीवर बसून पेन्नम्मा चेडत्ती माझ्या टोपलीतले चुकून तोडलेले कच्चे वेलदोडे मोठ्याने मोजत होती. दुपारच्या जेवणापर्यंत दोनशे अकरा झाले होते.